नकलकाराचा विश्वासूपणा

जे आपल्याला मिळाले ते जसेच्या तसे पुढच्याच्या हाती द्यावे, की देताना त्यात आपल्या समजुतीप्रमाणे फेरफार करावा? वरवर पाहता हा प्रश्न पुस्तकी वाटतो. परंतु ज्याला कोणाला दुसऱ्यास शिकवायचे आहे, मग तो उपदेशक असो, रविवारच्या शाळेचा शिक्षक असो, की रात्री मुलांना जवळ घेऊन गोष्ट सांगणारी आई असो, त्याला तो वारंवार सोडवावा लागतो. कारण आपण जे शिकवतो त्यापैकी फारच थोडे आपले स्वतःचे असते. बाकीचे सर्व कोणाकडून तरी आलेले असते आणि कोणाकडे तरी जायचे असते. आपण केवळ मधला हात असतो. या मधल्या हाताचे कर्तव्य काय, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यासाठी आम्ही जो काळ निवडला आहे, तो सुमारे बाराशे ते पंधराशे वर्षांपूर्वीचा. पश्चिमेकडील रोमी साम्राज्य इ.स. ४७६ मध्ये मोडले. त्यानंतरच्या लढायांत व साथींत शहरे ओस पडली, शाळा बंद पडल्या, ग्रंथसंग्रह विखुरले. युरोपात छापखाना यायला अजून जवळजवळ हजार वर्षांचा अवकाश होता. अशा काळात जुनी विद्या आणि पवित्र शास्त्राच्या प्रती टिकल्या त्या हाताने नकला करणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी काय केले आणि काय केले नाही, हे पाहिले म्हणजे वरील प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे मिळते.

एक पान तयार होताना

त्या काळी युरोपात पुस्तके चर्मपत्रावर लिहीत. वासराचे किंवा मेंढराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, केस आणि मांस खरडून काढायचे, चौकटीवर ताणून वाळवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि मग त्यावर रेघा आखायच्या. लेखणी पक्ष्याच्या पिसाची, शाई बहुधा मायफळ व हिराकस यांची. थंडीच्या दिवसांत बोटे आखडत, डोळे दुखत, पाठ मोडून येई. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी नकलकारांनी केलेल्या तक्रारी आजही वाचायला मिळतात. ज्याने कधी लिहिले नाही त्याला हे काम सोपे वाटते, असे त्यांचे म्हणणे असे.

कामाचा शीण हा एक भाग झाला; दुसरा धोका चुकीचा. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल, तर डोळा वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. समासात कोणी टीप लिहिलेली असेल, तर पुढचा नकलकार ती मूळ मजकुरात घुसवतो. एखादा शब्द कळला नाही, तर त्याच्याऐवजी ओळखीचा शब्द लिहितो. पुढे त्या प्रतीवरून दुसरी प्रत होते, आणि ही चूक मूळ लेखकाचीच म्हणून पुढे चालते. लेखक तर केव्हाच मरून गेलेला असतो. तो उठून सांगू शकत नाही की, मी असे म्हटलेच नव्हते.

येथेच हा प्रश्न नीतीचा होतो. नक्कल करणे म्हणजे साक्ष देणे होय. जो हजर नाही त्याचे म्हणणे काय होते, हे नकलकार जगाला सांगत असतो. आणि खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ती केवळ न्यायालयासाठी दिलेली नाही.

कॅसिओडोरसचा मठ

इटलीत कॅसिओडोरस नावाचा एक मोठा राजकारभारी होऊन गेला. थिओडोरिक राजाच्या दरबारी त्याने उच्च पदे भूषविली. रोम शहरात ख्रिस्ती विद्येची शाळा काढावी असा बेत त्याने पोप अगापेटस याच्याबरोबर केला होता. पण लढाई पेटली आणि बेत तसाच राहिला. पुढे राजकारण सोडून त्याने दक्षिण इटलीतील आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर मठ स्थापिला. तेथे माशांची तळी होती, म्हणून त्याचे नाव विव्हेरियम पडले. ज्या शाळेला शहरात जागा मिळाली नाही, तिचे काम त्याने या मठात पुस्तकांच्या द्वारे केले.

आपल्या मठवासीयांसाठी त्याने एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. कोणती पुस्तके वाचावी, ती कशी ताडून पाहावी, नक्कल कशी करावी, हे सर्व त्यात आहे. प्रभूच्या वचनाचा प्रत्येक शब्द उतरवून घेणे म्हणजे सैतानाला एक जखम करणे होय, असे तो मानी. रात्री काम करता यावे म्हणून आपोआप तेल घेणारे दिवे त्याने करविले. वेळ कळावी म्हणून सूर्यघटिका आणि जलघटिका ठेवल्या. मनुष्य व्यवहारी होता, यात शंका नाही.

परंतु त्याची सर्वांत मोलाची सूचना निराळीच आहे. शास्त्रातील एखादे वाक्य लॅटिन व्याकरणाच्या नियमात बसत नसेल, तर केवळ तेवढ्यासाठी ते बदलू नका, असे त्याने बजावले आहे. शंका आली तर दोन-तीन जुन्या व शुद्ध प्रती काढून पाहा, आणि मग ठरवा. विद्वान माणसाला हे पाळणे किती जड जाते! अडाण्याची चूक हात थकल्यामुळे होते. शिकलेल्याची चूक बहुधा आपल्याला अधिक कळते या भावनेतून होते. कॅसिओडोरसने या दुसऱ्या चुकीला आधीच लगाम घातला. आणि पहिलीही तो विसरला नाही. वयाच्या ९३ व्या वर्षी त्याने आपल्या मठवासीयांसाठी शुद्धलेखनावर एक छोटे पुस्तक लिहिले. नीट लिहिता येत नसेल, तर जुन्यांचे ज्ञान समजून तरी काय उपयोग, असा प्रश्न त्यांनीच त्याला केला होता.

मठात केवळ शास्त्राच्याच नकला होत नव्हत्या. व्याकरण, वैद्यक, गणित, इतिहास यांचाही अभ्यास होई. मूर्तिपूजकांची विद्या ख्रिस्ती माणसाने जवळ करावी काय, हा वाद तोवर जुना झाला होता. जेरोमला एकदा स्वप्न पडले की, न्यायासनापुढे तू ख्रिस्ती नसून सिसेरोचा अनुयायी आहेस असा ठपका आपल्यावर ठेवला गेला. ऑगस्टीनने मात्र निर्गमाचा दाखला देऊन मार्ग काढला. इस्राएल लोकांनी मिसरातून निघताना सोने-रुपे बरोबर घेतले आणि ते पुढे देवाच्या कामी आले. तद्वत जगातील खरे ज्ञान कोणाकडेही सापडो, ते घ्यावे आणि चांगल्या कामी लावावे. कॅसिओडोरस याच मार्गाने गेला.

दोन मठ आणि एक मोठे पुस्तक

त्याच्या मृत्यूनंतर विव्हेरियमचा मठ फार काळ टिकला नाही आणि त्याची पुस्तके इकडेतिकडे गेली. परंतु त्यांतील एक मोठे बायबल शंभर वर्षांनंतर थेट उत्तर इंग्लंडात पोहोचले, असे अभ्यासकांचे मत आहे. तेथे बेनेडिक्ट बिस्कप याने इ.स. ६७४ मध्ये वेअरमथ येथे आणि काही वर्षांनी जॅरो येथे मठ बांधले होते. पुस्तके आणण्यासाठी तो पुनःपुन्हा रोमला गेला. समुद्र ओलांडून, डोंगर चढून, महिनोन्‌महिने प्रवास करून तो परत येई, तेव्हा बरोबर ग्रंथांची ओझी असत.

इ.स. ६८६ च्या सुमारास जॅरोच्या मठात साथ आली. प्रार्थनेची स्तोत्रे म्हणू शकतील असे सर्व मठवासी मरण पावले. उरले केवळ मठाधिपती सेओलफ्रिथ आणि एक लहान मुलगा. दोघांनी ठरवले की उपासना काही काळ आखडती घ्यावी. पण आठवडाभरात त्यांना ते सहन होईना. अश्रू ढाळीत का होईना, त्यांनी पूर्ण उपासना पुन्हा सुरू केली, आणि इतर लोक शिकून तयार होईपर्यंत दोघांनीच ती चालविली. हा मुलगा म्हणजे पुढे थोर विद्वान झालेला बीड होय, असे बहुतेक मानतात. (मराठवाड्यातील आपल्या बीडशी या नावाचे साम्य केवळ ऐकण्यापुरते.) एका वेळी सारी परंपरा एका माणसावर आणि एका पोरावर येऊन ठेपली होती. ज्या शिक्षकाच्या वर्गात दोनच मुले येतात, त्याने ही हकिकत लक्षात ठेवावी.

याच सेओलफ्रिथने पुढे संपूर्ण बायबलाच्या तीन प्रचंड प्रती तयार करविल्या. दोन आपल्या दोन मंडळ्यांसाठी आणि तिसरी रोमला भेट देण्यासाठी. ही तिसरी प्रत आज इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आहे. हजाराहून अधिक पाने, वजन सुमारे ३४ किलो, आणि त्यासाठी पाचशेच्या वर जनावरांची कातडी लागली असावी असा अंदाज आहे. जेरोमच्या लॅटिन बायबलाची अखंड उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी प्रत. इ.स. ७१६ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सेओलफ्रिथ स्वतः ती घेऊन रोमला निघाला. वाटेत फ्रान्समधील लांग्र येथे सप्टेंबर महिन्यात तो मरण पावला. त्याचे काही सोबती पुढे रोमला गेले.

या पुस्तकाच्या आरंभी अर्पणाच्या ओळी आहेत. तेथील सेओलफ्रिथचे नाव पुढे कोणीतरी खरडून काढले आणि इटलीतील दुसऱ्या एका मठाधिपतीचे नाव घातले. त्यामुळे कित्येक शतके लोक हे पुस्तक इटलीतच तयार झाले असे समजत. १८८० च्या दशकात दे रॉसी नावाच्या विद्वानाने खाडाखोड ओळखली आणि मूळ नाव उजेडात आले. मजकुराला धक्का न लावता देणाऱ्याचे नाव बदलणे हीसुद्धा खोटी साक्षच होय.

बीडला या प्रकारच्या खोटेपणाची फार चीड असावी. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांवर त्याने टीका लिहिली तेव्हा ऑगस्टीन, जेरोम, अँब्रोज, ग्रेगरी यांचे विचार जेथे जेथे घेतले, तेथे तेथे समासात त्यांच्या नावांची अक्षरे घातली. दुसऱ्याचे बोलणे आपले म्हणून खपवले, असे कोणाला वाटू नये, ही त्याची इच्छा होती. पुढच्या नकलकारांनीही या खुणा गाळू नयेत, अशी त्याने विनंती केली. पुष्कळांनी त्या गाळल्या. पण काहींनी राखल्या, म्हणून आज आपल्याला त्या पाहता येतात. उपदेश करताना जी टीका आपण वाचलेली असते तिचे नाव घ्यायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

बीड इ.स. ७३५ च्या मे महिन्यात, स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी वारला. शेवटच्या आजारात तो दोन कामे करीत होता. एक, योहानाच्या शुभवर्तमानाचे आपल्या लोकांच्या भाषेत भाषांतर. दुसरे, सेव्हिलचा बिशप इसिदोर याच्या ग्रंथातून निवडक उतारे काढणे. आपल्या शिष्यांनी खोटे ते वाचू नये आणि आपण गेल्यावर त्यांचे श्रम वाया जाऊ नयेत, असे कारण त्याने दिल्याचे त्याचा शिष्य कथबर्ट याने पत्रात लिहून ठेविले आहे. इसिदोर हा त्या काळचा मान्यवर पंडित. तरीही मरणाच्या दारात असलेल्या बीडला त्याचे सर्व लिखाण डोळे मिटून पुढे ढकलावेसे वाटले नाही. यावरून विश्वासूपणा म्हणजे आंधळेपणा नव्हे, हे दिसते. इसिदोरचे मत काय होते ते इसिदोरच्या नावे ठेवावे; ते बरोबर आहे किंवा नाही, हे आपण आपल्या नावे सांगावे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

रिकामी सोडलेली जागा

इ.स. ७८९ मध्ये शार्लमेन राजाने आपल्या राज्यातील धर्मसेवकांसाठी एक फर्मान काढले. देवाची प्रार्थना चांगल्या हेतूने करायची, पण अशुद्ध पुस्तकांमुळे ती अशुद्ध होते, म्हणून पुस्तके दुरुस्त करा, असा त्यात हुकूम होता. शुभवर्तमान, स्तोत्रसंहिता आणि उपासनेचे पुस्तक यांच्या नकला पोरांकडून न करविता प्रौढ माणसांकडून काळजीपूर्वक करवाव्या, असेही सांगितले होते. याच काळात सुटसुटीत आणि स्पष्ट असे नवे वळण लिहिण्यात आले. आज इंग्रजी पुस्तके ज्या अक्षरांत छापली जातात, ती याच वळणापासून आली आहेत.

पुढच्या पिढीत फेरिएर येथील मठाधिपती लुपस हा पुस्तकांचा मोठा शोधक होऊन गेला. त्याची पत्रे उपलब्ध आहेत आणि ती वाचताना मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. याच्याकडे पुस्तक माग, त्याचे परत कर, आपल्याकडे प्रत असूनही दुसरी मागव, कारण दोन्ही ताडून पाहायच्या आहेत. एकदा रीम्सच्या हिंक्मारला त्याने कळविले की, आपण मागितलेला बीडचा ग्रंथ जासूदाबरोबर पाठवायला धीर होत नाही. तो इतका मोठा आहे की अंगरख्यात किंवा झोळीत लपविता येत नाही, आणि त्याच्या देखणेपणामुळे चोरांची नजर जाईल. इ.स. ८५५ च्या सुमारास त्याने थेट पोपकडेही काही ग्रंथ मागितले.

लुपसने स्वतःच्या हाताने लिहिलेली सिसेरोच्या एका ग्रंथाची प्रत आज लंडनमध्ये आहे. मूळ प्रतीत जेथे मजकूर तुटलेला होता, तेथे त्याने जागा रिकामी सोडली. ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. लुपसचे लॅटिन उत्तम होते. चार शब्द जुळवून तो खड्डा सहज बुजवू शकला असता, आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. चर्मपत्र महाग होते, तेव्हा कोरी जागा म्हणजे नुकसानच. तरीही त्याने ती कोरी ठेवली. पुढे कधीतरी, कोणालातरी चांगली प्रत मिळेल आणि तो ही जागा भरील, अशी त्या कोऱ्या जागेत आशा होती. आपल्या अज्ञानाची सीमा दाखवायला तो लाजला नाही.

न पटणाऱ्या गोष्टीची नक्कल

आता यापुढचा अवघड प्रश्न. जे आपल्याला पटत नाही, किंबहुना जे आपल्या विश्वासाच्या विरुद्ध आहे, तेही विश्वासूपणे पुढे द्यावे काय?

लुक्रेशियस हा ख्रिस्तापूर्वीच्या शतकातील रोमी कवी. त्याच्या काव्याचा आशय असा की, सर्व सृष्टी सूक्ष्म कणांची बनली आहे, देवांना माणसाची काळजी नाही, आणि देह पडला की आत्माही नाहीसा होतो. ख्रिस्ती मठवासीयाला याहून नावडते पुस्तक कोणते असणार? परंतु हे काव्य आज आपल्याला मुख्यत्वे दोन प्रतींमुळे मिळते, आणि त्या दोन्ही नवव्या शतकातील ख्रिस्ती नकलकारांच्या हातच्या आहेत. आज त्या हॉलंडमधील लायडन येथे आहेत. त्यांपैकी एकीवर डुंगल नावाच्या आयरिश धर्मपंडिताने दुरुस्त्या केल्या आहेत, हे अभ्यासकांनी अक्षरावरून ओळखले. हा डुंगल म्हणजे ज्याने इ.स. ८११ मध्ये शार्लमेनला सूर्यग्रहणाविषयी पत्र लिहिले आणि पुढे धर्मवादात लेखणी चालविली, तोच. ज्या काव्यात त्याच्या आशेला मुळीच स्थान नव्हते, त्यातल्या चुका तो दुरुस्त करीत बसला.

त्या नकलकारांना आजच्या अर्थाने उदारमतवादी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना लॅटिन भाषा आणि वृत्ते शिकायची होती, आणि त्यासाठी जुने कवी लागत. पण कारण काहीही असो, लुक्रेशियसच्या तोंडी त्यांनी ख्रिस्ती मत घातले नाही, आणि त्याचे म्हणणे मोडून-तोडून हास्यास्पदही केले नाही. त्याला जे म्हणायचे होते ते त्यांनी त्याला म्हणू दिले. सत्यावर ज्याचा विश्वास आहे, त्याला विरोधकाचे म्हणणे बिघडवण्याची गरज पडत नाही.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नवे चर्मपत्र मिळेना, तेव्हा जुन्या पुस्तकावरील शाई धुऊन किंवा खरडून त्याच पानांवर नवा मजकूर लिहीत. उत्तर इटलीतील बोब्बिओच्या मठातील अशा एका पुस्तकात वर ऑगस्टीनचे स्तोत्रांवरील विवरण आहे, आणि खाली, पुसून टाकलेला, सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ. अँजेलो माय या विद्वानाने १८१९ मध्ये तो शोधला आणि १८२२ मध्ये छापला. नवल असे की, स्वतः ऑगस्टीन हा ग्रंथ वाचत असे आणि त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात त्याची चर्चाही केली होती. त्याचे शब्द लिहिण्यासाठी त्याच्याच आवडीचे पुस्तक पुसले गेले. ज्याने हे केले त्याच्या मनात द्वेष होता असे मानण्याचे कारण नाही. त्याला उपासनेसाठी व अभ्यासासाठी पुस्तक हवे होते, आणि कातडे तेवढेच होते. पण चांगल्या हेतूनेही दुसऱ्याची साक्ष पुसली जाते, हे यावरून कळते. मुद्दाम खोटे लिहिणारे थोडे असतात. आपले चांगले काम पुढे रेटताना दुसऱ्याचे शब्द दिसेनासे करणारे आपण पुष्कळ असतो.

बगदादचा एक ख्रिस्ती वैद्य

त्याच नवव्या शतकात पूर्वेकडे, बगदाद शहरी, हुनैन इब्न इसहाक नावाचा वैद्य होता. तो पूर्वेकडील सुरियानी मंडळीचा ख्रिस्ती. ग्रीक वैद्य गालेन याचे ग्रंथ त्याने सुरियानी आणि अरबी भाषांत आणले. त्याचे आश्रयदाते काही ख्रिस्ती होते, काही मुसलमान. गालेनच्या कोणत्या ग्रंथाचे भाषांतर कोणी, कोणासाठी आणि कशा प्रतीवरून केले, याची त्याने स्वतः मोठी यादी लिहून ठेविली आहे.

त्या यादीत तो एका पुस्तकाविषयी सांगतो की, मी वीस वर्षांचा असताना एका अत्यंत सदोष ग्रीक प्रतीवरून याचे भाषांतर केले. चाळिशीच्या सुमारास हुबैश नावाच्या माझ्या शिष्याने ते दुरुस्त करण्याची विनंती केली. तोवर माझ्याजवळ अनेक ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्या एकमेकींशी ताडून मी आधी एक शुद्ध ग्रीक प्रत तयार केली आणि मग तिच्याशी जुने भाषांतर लावून सुधारले. दुसऱ्या एका ग्रंथासाठी तो मेसोपोटेमिया, सिरिया, पॅलेस्टाईन आणि मिसर पालथे घालून आलेक्झांड्रियापर्यंत गेला. शेवटी दमास्कसमध्ये निम्मा-अर्धाच ग्रंथ सापडला, आणि तो निम्माच आहे असे त्याने नमूद केले. वैद्यकाच्या पुस्तकात एक शब्द चुकला तर रोग्याच्या जिवावर बेतते. पण हुनैनची काळजी केवळ रोग्यापुरती नव्हती. सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या गालेनशीही त्याने प्रामाणिकपणा राखला.

आपल्याकडील दोन दाखले

ही जाणीव केवळ परदेशीच होती असे नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर तिच्यात पाठभेद शिरले होते. काम पुरे झाल्यावर त्यांनी इशारा दिला की, यात आपली मराठी ओवी घुसडणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होय. स्वतः इतका मोठा कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथात हात चालविण्याचा मोह त्यांनी आवरला.

दुसरा दाखला गोव्याचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे, आणि अशा हस्तलिखितांवरूनच तो १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. छापखाना आला म्हणून नकलकाराची गरज संपली, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या वर्गात

आज आपण चर्मपत्रावर लिहीत नाही. तथापि दर रविवारी आपण नक्कल करतोच. फक्त ती मुलांच्या मनावर होते. म्हणून वरील माणसांपासून आपण काय घ्यावे ते थोडक्यात सांगतो.

पहिले, जे लिहिलेले आहे तेच लिहिलेले आहे म्हणून सांगावे. नाताळच्या नाटकात तीन राजे येतात. पण मत्तयाने मागी लोकांची संख्या दिलेली नाही आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. तीन देणग्या आहेत, त्यावरून आपण तीन माणसे केली. दमास्कसच्या वाटेवर पौल घोड्यावरून पडला असे चित्रांत दिसते. प्रेषितांच्या कृत्यांत ही हकिकत तीनदा येते आणि एकदाही घोडा येत नाही. एदेन बागेतील फळ सफरचंद होते असे उत्पत्तीत कोठेही नाही. कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? रंगवून सांगितल्याशिवाय मुलांना गोडी लागत नाही. गोडी लावायला आमची हरकत नाही. पण हाच मुलगा मोठा होऊन स्वतः शास्त्र उघडतो, तेव्हा त्याला घोडा सापडत नाही. मग त्याच्या मनात येते की, शिक्षकांनी घोडा आपल्या पदरचा घातला, तर आणखी काय काय घातले असेल? आपण एका घोड्यापायी सगळ्या साक्षीवरचा विश्वास गमावतो. चित्र दाखवावे, आणि चित्रकाराने असे कल्पिले आहे म्हणून सांगावे. एका वाक्याचे काम आहे.

दुसरे, जेथे शास्त्र गप्प आहे तेथे आपण जागा रिकामी सोडावी. मुले विचारतात, लाजार चार दिवस कबरेत होता तेव्हा त्याने काय पाहिले? प्रभू येशू लहानपणी कोणते खेळ खेळला? याचे उत्तर शास्त्रात दिलेले नाही, असे सांगण्यात शिक्षकाचा अपमान नाही. लुपसच्या कोऱ्या जागेने त्याची विद्वत्ता कमी झाली नाही, उलट त्याच्या बाकीच्या मजकुरावरचा आपला भरवसा वाढला.

तिसरे, आपले मत आपल्या नावे आणि दुसऱ्याचे दुसऱ्याच्या नावे सांगावे. आणि जो आपल्याहून निराळे मानतो त्याचे म्हणणे असे मांडावे की, तो स्वतः वर्गाच्या दारात उभा असता तर त्याने होय म्हणून मान डोलविली असती. मग खुशाल त्याला उत्तर द्यावे. दुसऱ्या पंथाविषयी, दुसऱ्या धर्माविषयी, किंवा देवच न मानणाऱ्या शेजाऱ्याविषयी बोलताना ही कसोटी आपण किती वेळा लावतो? गैरहजर माणसाविषयी खोटी साक्ष देणे सर्वांत सोपे असते, म्हणूनच तेथे अधिक जपावे.

आणि शेवटचे, चूक दिसली तर दुरुस्त करावी, पण उघडपणे आणि आधार पाहून. बीड आणि हुनैन यांनी दुरुस्त्या केल्या. मात्र आपल्या आवडीनिवडीला त्यांनी आधार मानले नाही.

पौलाने तीमथ्याला दुसरे पत्र लिहिले, त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी चार दुवे आहेत. पौलाकडून तीमथ्याने ऐकले, तीमथ्याने ते विश्वासू माणसांना सोपवायचे, आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवायचे. पौल त्या मधल्या माणसांत विश्वासूपणा आणि दुसऱ्यांना शिकविण्याची पात्रता एवढेच मागतो; कीर्तीचे तेथे नाव नाही. तेव्हा येत्या शनिवारी रात्री धडा तयार करताना शिक्षक बंधुभगिनींनी एवढे करून पाहावे. आधी पुस्तक मिटून ती गोष्ट आठवेल तशी कागदावर लिहावी, मग शास्त्र उघडून ओळ न्‌ ओळ ताडून पाहावी, आणि जे तेथे नाही त्याखाली रेघ ओढावी.